दोन मोटारींच्या मधलं मिनिट

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा तो बघायला जेवढी माणसं आली तेवढी पुढं माझ्या लग्नालाही आली नाहीत, आणि लग्नात तर बुंदी होती. जिंतूरच्या एका टायपिंग क्लासनं काढून टाकलेलं ते मशीन. खरं म्हणजे ते एसटीनं आलं, पण मी आजवर सगळ्यांना बैलगाडीनं आलं असंच सांगत आलोय, कारण बैलगाडीत ते शोभतं. मधल्या खोलीत ज्वारीच्या कोठीशेजारी त्याची स्थापना झाली. मायनं जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं. दसऱ्याला हळदकुंकू लावलं. त्याच्या डब्यातला पंखा असा घरघरायचा की पडवीत टेकलेला पाहुणा पाण्याचा तांब्या खाली ठेवून विचारायचा, "आत कोण आजारी हाय?" आणि त्या घरघरीच्या खाली, कान देऊन ऐकलं तरच कळेल असा हार्ड डिस्कचा आवाज. बारीक, खरखरता, उंदीर कणसं कुरतडतोय तसा. हा आवाज आला की माय आम्हाला गप्प बसवायची, कारण त्याचा अर्थ आप्पांचं काम चाललंय.

आप्पा म्हणजे माझे वडील. शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून खरे कामाला लागले. पूर्णेच्या या अंगाला माणसं जे शब्द बोलतात आणि पुस्तकात जे सापडत नाहीत, ते ते गोळा करायचे. सायकलला पिशवी, पिशवीत वही. कुणाच्या शेतात, कुणाच्या तेराव्याला, कुठं बैलबाजारात, शब्द कानावर पडला की आप्पा सायकल आडवी टाकून लिहून घ्यायचे, आणि शब्दापुढं तो देणाऱ्याचं नाव. नाव लागतं म्हटल्यावर माणसं स्वतः होऊन शब्द घेऊन घरी यायला लागली. एक जण तर एकच शब्द तीनदा देऊन गेला. या सगळ्या वह्या आप्पांनी एका बोटानं टाइप केल्या, अक्षरागणिक एक फाईल, अ पासून ज्ञ पर्यंत. आणि एक वही टाइप झाली की ती ते मायच्या हवाली करायचे. "मशीनमंदी गेलं आता, कागदाचा काय उपयोग," म्हणायचे. त्या कागदांवर पापड वाळले, त्यांत शेंगदाण्याच्या पुड्या बांधल्या गेल्या, आणि हिवाळ्यात बंबाखाली बरीच बाराखडी जळाली. नक्कल ठेवलेल्या फ्लॉप्यांना बुरशी लागली होती. म्हणजे आप्पांचे सगळे शब्द जगात एकाच ठिकाणी होते, त्या खरखरत्या लोखंडी डबीत. आज माझ्या पोराच्या फोनमधला फोटोसुद्धा म्हणे चार ठिकाणी आपोआप जपला जातो. मी त्याला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणतो, बाबा, तुम्ही फार फेकता. या एका बाबतीत मी फेकत नाही.

परभणीच्या एका छापखानेवाल्यानं पुस्तक काढायचं कबूल केलं होतं. त्यानं आप्पांना एक पेन ड्राइव्ह दिला, करंगळीएवढा, आणि सांगितलं की याच आठवड्यात यात भरून आणा, पुढं मला लग्नपत्रिकांतून मान वर काढायला होत नाही. आप्पांनी तो मशीनला लावला. मशीननं ओळखच दाखवली नाही. जुनी सिस्टीम, तिला असली वस्तू ठाऊकच नव्हती. तेवढ्यात आप्पांच्या मोतीबिंदूची तारीख आली आणि ते मामांबरोबर परभणीला निघाले. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "दिगू, मी बुधवारी पाचच्या गाडीनं येतो. तवर मशीनला हात लावू नको."

मी एकोणीस वर्षांचा होतो, जिंतूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, आणि माझ्या मते परभणी जिल्ह्यात कॉम्प्युटर कळणारी अडीच माणसं होती. अर्धा म्हणजे जब्बारभाई, जिंतूरचा रिपेरिंगवाला. त्याच्याकडून मी नव्या सिस्टीमची सीडी आधीच आणून ठेवली होती. विचार एवढाच की आप्पा डोळ्याला पट्टी बांधून येतील तेव्हा सगळे शब्द पेन ड्राइव्हमध्ये भरून त्यांच्या हातात ठेवायचे. मंगळवारी सकाळी दहाला लाईट आली तशी मी सीडी आत ढकलली.

आमच्याकडं लाईट दहा ते चार. त्यानंतर जायची ती अंधार पडल्यावर यायची, आणि तेव्हा सगळ्या गावाचे टीव्ही आणि कूलर मिळून ती अशी पिऊन टाकायचे की बल्ब पिकल्या बोरासारखा दिसायचा. तेव्हा जे काय करायचं ते दहा ते चारमध्ये. निळा पडदा आला. त्यावर डिस्कचे दोन भाग दिसले, वरचा सिस्टीमचा, खालचा आप्पांचा. वरच्यावर टाकायचं आणि खालच्याला धक्का लावायचा नाही. चुकून खालच्या ओळीवर दोन बटणं दाबली की सहा वर्षांची मेहनत एका दमात साफ. मी तिथं बोट ठेवण्याआधी हात पुसले, देवघराकडं बघितलं, ओळ मोजली, परत मोजली. मग बटण दाबलं. जुनी सिस्टीम पुसली गेली आणि नवी उतरायला लागली, इतकी हळू, की त्या वेळात मायनं येसराची आमटी करून, भाकरी थापून, आमचं दोघांचं जेवणही झालं. दुसरा टप्पा लागला. मी पडवीत जाऊन शेजाऱ्याला सांगून आलो की सिस्टीम टाकायलोय. परत आलो तर पडदा गोठलेला, आणि डबीतून वेगळाच आवाज. टक. टक. टक. जसं कुणी आतून दार वाजवायलंय.

आता जुनीही नाही आणि नवीही नाही. मशीन म्हणजे फुटका माठ. जब्बारभाई नेमका मानवतला बहिणीच्या लग्नात. त्याला मोबाईल लावला तर मागं बँड.

"सीडी पूस," तो ओरडला. "कुंकूबिंकू लागलंय का बघ, तुमच्याकडं दसऱ्याला समदं रंगवतेत."

सीडीला खरंच कुंकू होतं. पुसलं. परत लावली. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर मेली, अमुक फाईल उतरवता येत नाही म्हणून. परत फोन. "रॅम काढून खोडरबरानं घास." घासली, इतकी घासली की खोडरबर अर्धं झालं. तिसऱ्यांदा लावली तर चारला लाईटच गेली. बुधवारी सकाळी तो म्हणाला केबल बदल, माझ्या दुकानाच्या खिडकीतून भाचा दील. मी जाणाऱ्या ट्रकनं जिंतूरला जाऊन, केबल घेऊन, साडेअकराला घरी. लावली. सतरा टक्के, आणि टक टक टक. यावेळी मी फोन लावून डबीला चिकटवून धरला.

जब्बारभाईनं बँडपासून लांब जाऊन तो नीट ऐकला. मग म्हणाला, "दिगूभाई, हा आवाज चांगला न्हाई. बंद कर. तिला हलवू नको, एसटीत घालून आणू नको, त्या रस्त्यानं ती जित्ती पोचणार न्हाई. आयतवारी मीच येतो माझं मशीन घेऊन."

"आणि आज टाकली तर?"

"अजून एखादा झटका खाईल. दोन खाईल का न्हाई, अल्लाला ठाऊक."

शहाण्यानं रविवारची वाट बघितली असती. पण रविवारी छापखान्याचा आठवडा संपत होता, आणि पाचच्या गाडीनं आप्पा येत होते. मी कोठीला पाठ लावून बसलो. भिंतीवर मी पेन्सिलीनं टक्के लिहून ठेवले होते, कुठं कुठं मेली ते. त्यांत काही ताळमेळ लागेना. माय ताक घेऊन आली, भिंतीकडं बघितलं.

"हे काय लिवायलास?"

"कुठवर गेलती ते."

"टक्के कशाला लिवतोस, घड्याळ लिव की. काल जेवण झालं तवा बंद पडली, बारा वाजले होते. मग दोनला. आज परत बाराला. बाराला आन् दोनला माझा पंखा बी मरतो. मिक्सर फिरत न्हाई. रोज."

 दोन दिवस मी आणि जब्बारभाई सीडी, रॅम, केबल करत होतो, आणि उत्तर चटणीच्या भांड्यात बसलेलं होतं.

आमच्या डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर, आमचं घर, अजून चार घरं आणि दोन विहिरींच्या मोठ्या मोटारी. एक सखाराम काकांची, एक नामदेव तात्यांची. दोन्ही एकदम चालल्या तर डीपी बसते, म्हणून पाळी ठरलेली. दहा ते बारा तात्या, बारा ते दोन काका, दोन ते चार परत तात्या. हे दोघं एकमेकांचे व्याही, आणि व्याही झाल्यापासून बोलणं बंद. काकांची लेक तात्यांच्या घरी, निरोप काय ते तिच्यातून. आणि पाळी बदलताना आधी मोटार बंद करायची कुणी? जो आधी बंद करील त्यानं पाण्याचा हक्क सोडला असं दोघांचंही मत. तेव्हा ज्याची पाळी यायची तो आपली चालू करायचा, ज्याची संपायची तो आणखी दहा मिनिटं रेटायचा, आणि तेवढ्या वेळात दोन्ही मोटारी मिळून आख्ख्या डीपीचा जीव काढायच्या. गावानं याची सवय करून घेतली होती. आमच्या म्हाताऱ्या डिस्कला मात्र ते झेपत नव्हतं. चाकच अडखळायचं तिचं.

मी हिशेब केला. आमच्या मशीनला अडीच तास लागत होते आणि पाळी दोन तासांची. मधला एक बदल ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सव्वाबाराला मी शेवटची म्हणून सीडी परत लावली, ओळ मोजून बटण दाबलं, मायला मशीनपाशी बसवलं आणि काकांच्या विहिरीकडं पळालो. पळालो म्हणजे असा की चप्पल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, राहिली आणि पाय पुढं गेले.

काका बाभळीखाली भाकरी खात होते. मोटार घुंइंइं चालू.

"काका, दोनला एक मिनिट आधी बंद करता का?"

"कामून?"

"आमच्या मशीनला झटका बसायलाय."

"मग त्या नामदेवाला सांग ना, एक मिनिट उशिरा लाव म्हणावं. मीच बंद केली की गावभर सांगंल, सख्या हरला."

मी माझी हुशारी काढली. म्हणालो, "काका, आप्पांच्या पुस्तकात पहिला शब्द तुमचाच हाय."

"कंचा?"

"इळा."

काकांनी ठेच्याचं बोट चाटलं. "इळा नामदेवाचा हाय. माझ्यासमोर लिवून घेतला मास्तरनं. आन् पुस्तक अ पासून सुरू व्हतंय, इ पासून न्हाई. मी तिसरी शिकलोय."

 उन्हात उभ्या उभ्या मी खरं ते सांगून टाकलं. आप्पांनी हात लावू नको म्हटलं होतं, मी लावला. दोन दिवसांत चार वेळा झटका बसलाय. वह्या मायच्या पापडात गेल्या. अजून एक बसला तर सगळे शब्द जातील, आणि आप्पा पाचला यायलेत डोळ्याला पट्टी बांधून.

"समदे जातील?"

"समदे."

"मास्तरला ठाव हाय?"

"न्हाई."

 काकांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. मग म्हणाले, "जा घरी. मशीनपाशी बस."

हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी घरी आलो तर माय पदर खोचून उभी. "तू बस, मी नामदेवभावजींकडं जाते." ती अर्ध्या तासात परत आली, घामानं डबडबलेली. "ते म्हनले, आधी त्याची बंद होऊ द्या वहिनी, मग बघू." म्हणजे ठरलेलं असं काहीच नव्हतं.

दीड वाजता दुसरा टप्पा लागला. पडद्यावर लिहून आलं, अजून एकोणचाळीस मिनिटं. ती मिनिटं आमच्या मशीनची होती, एकेक मिनिट दोन-दोन मिनिटं चालायचं. कोठीवरच्या बल्बकडं बघत बसलो. तो माझा मीटर. मी आयुष्यात नंतर पुष्कळ ठिकाणी वाट बघितली, दवाखान्याच्या बाकावर बघितली, निकालाच्या फळ्यासमोर बघितली, पण एका पंचवीस रुपयांच्या बल्बकडं तसं कधी बघितलं नाही. पावणेदोन. दोनला दहा कमी. डिस्क कुरतडत होती, नीट, एका लयीत. माय दारात उभी राहून विहिरींकडं कान लावून होती. दोनला पाच. मी बटणाच्या पट्टीवरून हात काढून मांडीखाली घातले. दोनला दोन कमी.

आणि काकांची मोटार थांबली.

आमच्या गावात दिवसा मोटारीचा आवाज नाही असं मी कधी ऐकलंच नव्हतं. एकदम कान भरून आल्यासारखं झालं. कुठं तरी होला घुमत होता. माय हळूच म्हणाली, "बंद केली." बल्ब पांढरा फटक झाला, इतका की त्याच्यावरचे माशांचे ठिपके मोजता यावेत. आता तात्यांची सुरू होईल म्हणून आम्ही वाट बघतोय. एक मिनिट. दोन मिनिटं. ती सुरूच होईना.

झालं होतं असं की तात्या आपल्या स्टार्टरवर बोट ठेवून बसले होते, आणि व्याह्यानं आधी मोटार बंद केली ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरलीच नाही. त्यांना वाटलं मोटार जळाली. ते आपली विहीर सोडून धुरा ओलांडून तिकडं धावले आणि काकांना म्हणाले, "काय झालं व्याही, जळली का?"

"न्हाई. बंद केली."

"कामून?"

"मास्तरसाठी," काका म्हणाले. "बस, भाकरी खा."

किती वेळ दोन्ही मोटारी बंद होत्या? मी लोकांना एक तास सांगतो. माय म्हणायची वीस मिनिटं. काहीही असो, तात्यांची सुरू झाली तेव्हा बल्ब नुसता डोळा मिचकावून परत उभा राहिला. तीनला वीस कमी असताना मशीननं नवं तोंड दाखवलं, हिरवं माळरान आणि निळं आभाळ. मी पेन ड्राइव्ह खुपसला. बारीकसा आवाज झाला, घंटी वाजावी तसा, आणि त्यानं ओळख दिली. फाईली जायला लागल्या. अ गेली, आ गेली, क गेली, च गेली. ध वर येऊन थांबली. टक. टक. वाचता येत नाही. परत केली, परत तेच. मी ती सोडून पुढं गेलो. बाकी सगळ्या उतरल्या. ध च्या जागी मी त्याच नावाची एक कोरी फाईल करून ठेवली, आणि लुगड्याचं झाकण घालून टाकलं.

आप्पा पाचच्या गाडीनं आले, डोळ्यावर हिरवी पट्टी. मी पेन ड्राइव्ह हातात दिला. त्यांनी तो चाचपला. "हात लावलास," म्हणाले. तो खिशात टाकला. मग म्हणाले, "पंधरा दिवस मला बघता येणार न्हाई. उद्या वाचून दाखव. मग पाठवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत बसलो. मशीनचा पडदा तोंड फिरवून दारात आणला होता. काका आले, तात्या आले, दोघं दोन खांबांना टेकून बसले. मी शब्द वाचायचा, अर्थ वाचायचा, नाव वाचायचं, आप्पा "हं" म्हणायचे. थ झालं, द झालं. ध उघडली. कोरी करकरीत.

आणि माझी जीभ आपोआप चालायला लागली. "धरमटी. घरजावयाला पहिल्या दिवशी वाढतात ती भाकरी."

"हं."

"धुंबळ. दोन ढगांच्या मधला उकाडा."

"हं. कुणी दिला?"

"सखाराम काकांनी."

काकांनी माझ्याकडं बघितलं. जन्मात ऐकला नव्हता त्यांनी तो शब्द. "दिला आसंल," ते म्हणाले.

"धोपळा. रुसलेल्या बैलाचं चालणं. नामदेव तात्या."

"हो हो," तात्या म्हणाले, "मीच दिला."

मी रंगात आलो. आणखी चार घातले, एकाहून एक. सातव्यावर आप्पांनी "हं" म्हटलं नाही. पट्टीवरून हात फिरवला.

"दिगू, फाईल उडाली का?"

"हो."

"किती उडाल्या?"

"एकच. ही."

"मग तसं सांगावं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मला पाठ असते तर मी गोळा कशाला केले असते? कागद आण. सखाराम, ध पासून काय काय आठवतंय?"

काकांनी खांबाचा टेकू सोडला. "धाट," ते म्हणाले. "धसकट. धडूतं."

"धडूतं माझं हाय," तात्या म्हणाले.

"तुझं कसं? तुझ्या घरात धडूतं म्हणायला माझी पोरगी आल्यावर शिकले."

मी दोघांचीही नावं लिहिली. माय चहा घेऊन आली आणि जाता जाता दोन शब्द देऊन गेली, तिचं नाव घाल म्हणाली. येणारा जाणारा थांबत गेला. दुपारपर्यंत अठ्ठेचाळीस झाले. आधी किती होते ते आप्पांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.